कालिनाचा नारिंगी पाहुणा

नुसतं "नाही" म्हणून गप्प बसलो असतो तर पुढचं काही घडलंच नसतं. पण इथे रुसे शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत वीस वर्षं अर्ज फेटाळून मला खोड लागली आहे. नकार दिला की कारणं द्यायची.

रविवारी जेवताना घेवड्याच्या सूपमध्ये पाव बुडवत आमच्या पंधरा वर्षांच्या कालिनाने जाहीर केलं, "मला साप पाळायचाय."

"नाही," मी म्हणालो. "एक, साप चावतो. दोन, घाण करतो. तीन, त्याला माया नसते."

"हा बिनविषारी आहे. आठवड्यातून एकदा खातो, एकदाच घाण करतो. आणि माया म्हणशील बाबा, तर तू मला शेवटचं जवळ कधी घेतलंस?"

(मी आठवू लागलो. अजून आठवतोच आहे.)

"माझ्या घरात साप येणार नाही!"

"मग माझ्या खोलीत येईल."

"ती खोली कुणाच्या घरात आहे?"

"आईच्या. आजोबांनी फ्लॅट तिच्या नावावर केलाय."

माझी बायको स्नेझाना अचानक फार मन लावून सूप पिऊ लागली.

मीही हट्टाला पेटलो. कालिनाच्या दारावर कागद चिकटवला : 'प्राण्यांना प्रवेश नाही. हुकमावरून.' सकाळी त्याखाली तिच्या अक्षरात शेरा होता : 'अर्ज नामंजूर.'

शुक्रवारी ती काचेची पेटी घेऊन दारात उभी राहिली. आत हातभर लांबीचा नारिंगी साप. तिची मैत्रीण गाव सोडून चालली होती आणि तिच्या नव्या घरी सापाला जागा नव्हती.

"तो बाहेर, तर मी पण बाहेर," म्हणत ती पेटी मांडीवर घेऊन जिन्यात बसली. दोन तास उलटले तरी हलेना. वरच्या मजल्यावरच्या तोदोर्काबाईंनी तिला पनीर भरलेली गरम बानित्सा आणून दिली आणि मला विचारलं, "पोटच्या पोरीला हाकललंस होय रे?"

मी पायरीवर तिच्या शेजारी टेकलो. (सापापासून लांबच्या बाजूला.)

"एवढं काय आहे गं त्या सापात?"

"तो कुणालाच नकोय, बाबा. म्हणून मला हवाय."

चौथं कारण शोधायचं सोडून मी उठून दार उघडलं. "आठवडाभरच," मी म्हणालो.

शनिवारी आंघोळ उरकून टॉवेलकडे हात नेला, तर टॉवेल वाळवायच्या गरम नळीवरून काहीतरी नारिंगी माझ्याकडे पाहत होतं. मी टबाच्या काठावर चढून अशी आरोळी ठोकली की स्नेझानाच्या मागोमाग तोदोर्काबाईही धावत आल्या.

ताटातल्या माशालाही घाबरणाऱ्या स्नेझानाने बाह्या सारल्या आणि सापाला अलगद उचललं. "अगंबाई, किती ऊबदार नि मऊ आहे हा! ल्यूबेन, खाली उतर. आणि आधी काहीतरी नेस."

साप राहिला. पण मी हरलो नाही! अट घातली : आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि साप मी स्वतः हातात धरणार.

सोमवारी दवाखान्यात तसाच धरून उभा राहिलो. डॉक्टरांनी बराच वेळ निरखलं, मग गंभीर आवाजात कालिनाला म्हणाले, "फार भेदरलाय. श्वास जोरात चाललाय, हातपाय गार पडलेत."

"डॉक्टर, सापाला कुठले हातपाय?"

"साप ठणठणीत आहे गं. मी तुझ्या वडिलांचं म्हणतोय."