शंभर नमुने आणि एक पाडस

एका जंगलात, मुलांनो, भर उन्हाळ्यात एकच तळं उरलं होतं. तिथे पाण्याच्या निमित्ताने लांडगा येई आणि कुणाला तरी उचलून नेई. म्हणून सिंहमहाराजांनी तळ्याला कुंपण घातलं आणि कोल्ह्याला सांगितलं, "गवत खाणारेच आत येतील असा नियम कर."

कोल्हा हुशार. त्याने झाडाच्या सालीवर लिहिलं : आधी शिंगं, एक किंवा दोन. मग खूर, चारच. शेवटी शेपूट, कितीही लांब, नसली तरी चालेल.

"नियम बरोबर आहे कशावरून?" महाराजांनी विचारलं.

"नियमाप्रमाणे नमुनेच करून दाखवतो."

त्याने सुगरण पक्षिणीला बोलावलं. ती गवताचे प्राणी विणू लागली. एकाला एक शिंग आणि चार खूर. दुसऱ्याला दोन शिंगं, चार खूर आणि वडाला वेढा घालील एवढी शेपूट.

"पोट कुठे लावू?" तिने विचारलं.

"नियमात आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

दारावरच्या अस्वलाने एकेक नमुना तपासला. शंभरच्या शंभर पास. महाराज खूश झाले. नमुने तळ्याकाठी ओळीने मांडले गेले आणि अस्वलाला हुकूम सुटला, "शंका आली तर नमुन्याशी ताडून बघ."

दुपारी ठिपकी नावाची हरिणी पाडसाला घेऊन आली. पाडसाची जीभ बाहेर आली होती.

"शिंगं कुठायत?" अस्वल म्हणालं.

"अहो अस्वलभाऊ, आमच्यात बायकांना शिंगं नसतात."

"नियमात बायका नाहीत."

सुगरणीला भरून आलं. तिने उरल्यासुरल्या गवताची शिंगं विणली आणि दोघांच्या डोक्यावर बांधली. अस्वलाने शिंगं मोजली. खूर मोजले. तरी त्याला शंका आलीच. त्याने नमुन्यांकडे पाहिलं.

"तुम्हाला पोट आहे. नमुन्यांत एकालाही नाही. आणि हे तोंड कशाला?"

"पाणी प्यायला," ठिपकी म्हणाली.

"नमुने पीत नाहीत."

मी तिथे असतो तर त्या अस्वलाचे कान उपटले असते. पण मी नव्हतो. ठिपकी नदीच्या वाटेला लागली. नदी दोन टेकड्यांपलीकडे होती. पहिल्याच टेकडीवर पाडस खाली बसलं, ते पुन्हा उठलं नाही.

उन्हाळा सरताना कोल्ह्याने दरबारात अहवाल वाचला. लांडगा एकदाही आत शिरला नाही. तळ्यावर गर्दी झाली नाही. शंभरांपैकी एकानेही तहानेची तक्रार केली नाही.

महाराजांनी कोल्ह्याचा सत्कार ठरवला. हार विणायला सुगरणीला बोलावणं गेलं. ती आली नाही.

तात्पर्य : नियम कधीच चुकत नाही. पाणी प्यायला जाताना पोट घरी ठेवून जावं.