धीटरावांचं आज्ञाधारक दार

एका जंगलात, बाळांनो, नेटवर्क फार छान होतं. तिथे धीटराव नावाचा एक ससा राहायचा. नाव त्याच्या आईनं ठेवलं होतं. आयांना आशा असते.

धीटरावांच्या बिळाला, सगळ्या सशांच्या बिळांना असतात तशी, दोन तोंडं होती. पुढचं येण्याजाण्याचं, मागचं जीव घेऊन पळायचं.

एके दिवशी माकड पिशवी घेऊन आलं.

"राव, अजून हातानं दार लोटता? हे स्मार्ट दार बसवा! मालकाचा आवाज ओळखतं. 'दार उघड' म्हटलं की उघडतं, आत गेलं की आपोआप मिटतं. शिवाय पाय आपटला की दिवे लागतात आणि सनई वाजते."

"आणि मागचं तोंड?"

"बुजवा! स्मार्ट घरातून कुणी पळतं का?"

धीटरावांनी ते बुजवलं. मग छाती फुगवली, मिश्या पिळल्या आणि वाघाला लाजवेल असा आवाज नोंदवला, "दार उघड!"

"अहो, माझाही आवाज नोंदवा की," बायको शेवंताबाई म्हणाली.

"मालक एकच असतो," धीटराव म्हणाले. इथे मला त्यांचे कान उपटावेसे वाटतात. पण गोष्ट पुढे न्यायची आहे.

एका संध्याकाळी धीटराव गाजरं घेऊन परतत होते. मागे लागला कोल्होबा! गाजरं टाकून धीटराव दारापाशी धडकले.

"दा... दा... दार उ... उघड!"

"आवाज ओळखीचा नाही," दार गोड आवाजात म्हणालं. "कृपया पुन्हा बोला."

"अगं बाई, मीच मालक!"

"मालक असे किंचाळत नाहीत."

आता, घाबरलेला ससा काय करतो? मागचा पाय आपटतो. सगळ्यांनी लपा, असा त्याचा अर्थ. सशांची ही फार जुनी रीत. धीटरावांनीही आपटला.

लख्ख दिवे लागले. सनई सुरू झाली.

कोल्होबा थबकला. "अरेच्चा, लग्न आहे का? मी तर आहेरही आणला नाही!"

तेवढ्यात झुडपातून दोन हात आले आणि धीटरावांना कानाला धरून जमिनीत ओढून घेतलं. शेवंताबाई!

"हे भोक कधी पाडलंस?" आत पोचल्यावर धीटरावांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी, माठामागे. तुम्ही बाहेर गेलात की मी काय आत कोंडून बसू? एकदा तरी विचारलंत?"

धीटरावांनी विचारलं नव्हतं. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. जिवापाठोपाठ आवाज परत आला. छाती फुगली.

"पण दाराची शिस्त बघ! मी स्वतः 'दार उघड' म्हणालो, तरी—"

दारानं मालकाचा आवाज ओळखला. उघडलं.

कोल्होबा आत. दोघं माठामागून बाहेर! कोल्होबानं भोकात डोकं घातलं. डोकं गेलं, पोट गेलं नाही. आणि मागे दार आपोआप मिटलं.

शेवंताबाईनं पलीकडच्या टेकडीत नवं बीळ खणलं. साधं, दोन तोंडांचं.

कोल्होबा अजून तिथेच आहे. साठवलेली गाजरं खातो. रोज ओरडतो, "दार उघड!" दार म्हणतं, "आवाज ओळखीचा नाही." तो चिडून पाय आपटतो. दिवे लागतात. सनई वाजते. सगळं जंगल नाचतं.

तात्पर्य : स्मार्ट घर जरूर घ्यावे. फक्त त्यात राहायला शत्रूला पाठवावे.