साळिंदरपंतांचा अभ्यासदौरा

एका जंगलात, बाळांनो, गाढवं भरपूर होती आणि गवत मात्र मिळत नव्हतं. म्हणजे गवत होतं हो, पण ते सगळं राजाच्या गोदामात होतं.

गाढवं दिवसभर अस्वलशेठांचे दगड वाहायची. संध्याकाळी प्रत्येकाला एक पेंढी मिळायची, तीही बारकी. शेवंती गाढविणीला तेवढ्यावर दूध उतरेना. तिचं शिंगरू उभ्याउभ्या कोलमडायला लागलं.

ती थेट सिंहमहाराजांकडे गेली. "महाराज, पोटभर गवत द्या. नाहीतर पोर हातचं जाईल माझं."

महाराज कनवाळू होते. त्यांच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. कनवाळू राजे अशा वेळी काय करतात? समिती नेमतात.

"इतर जंगलांत कमी मजुरीवर काय उपाय करतात, ते बघून या," असं त्यांनी प्रधान साळिंदरपंतांना फर्मावलं.

समिती निघाली. गाद्या, लोड, चकल्यांचे डबे, पंतांचा बसायचा पाट! सामान एवढं झालं की झाडून सगळी गाढवं लागली. शिंगरंही मागोमाग आली.

पहिल्या जंगलात कायदा होता. ठरलेल्यापेक्षा कमी मजुरी दिली की मालकाला दंड.

"छे! आपले अस्वलशेठ रुसतील," पंत म्हणाले.

दुसऱ्या जंगलात मजुरी कमी पडली तर वरचं गवत राजा घालायचा.

"छे, छे! आपलं गोदाम या दौऱ्यातच निम्मं झालंय."

तिसऱ्या जंगलात मजुरीचा कायदाच नव्हता. पंतांचा हर्ष गगनात मावेना. "सापडला उपाय! कायदाच नको!" एवढा अभ्यास करून समिती जेवली आणि आडवी झाली.

आता गंमत ऐका. समिती घोरत होती, तेव्हा तिथली गाढवं वडाखाली जमली. समोर मालक बसले. गाढवांनी मजुरी सांगितली. मालक नाही म्हणाले की सगळी गाढवं एकदम ओरडायची आणि कामाला कुणीच हलायचं नाही. ऊन उतरेपर्यंत मालकांचे कान किटले आणि त्यांनी भाव कबूल केला.

"हे तुम्ही दरवर्षी करता?" शेवंतीने विचारलं.

"मग? कायदा कशाला हवाय आम्हाला?" तिथली म्हातारी गाढवीण म्हणाली. "ये बाई, बस. पोर भुकेलंय तुझं."

शेवंती बसली. मग तिच्याबरोबरची सगळीच बसली.

समिती जागी झाली तेव्हा सामान होतं, गाढवं नव्हती. पंत स्वतःच्या पाठीवर गादी टाकून घरी आले. गादीची चाळण झाली.

"काय ठरलं?" महाराजांनी विचारलं.

"कायदा नको, महाराज. आणि आता आपल्या जंगलात कमी मजुरीची एकही तक्रार उरलेली नाही."

"शाब्बास!" महाराजांनी लगेच पंतांचा सत्कार ठरवला. व्यासपीठाला दगड हवे होते. ते महाराजांनी आणि पंतांनीच वाहिले.

तिकडे शिंगरू पोटभर दूध पिऊन नुसतं उधळत होतं.

तात्पर्य : सरकार परदेशी अभ्यासाला निघालं की नाकं मुरडू नयेत. आनंदाने त्याचं सामान उचलावं आणि पोरंबाळं सोबत घ्यावीत.