अण्णा नेसरीकरांचा चीन

लग्नानंतर आम्ही अण्णा नेसरीकरांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हा वाटीतलं श्रीखंड संपायच्या आत त्यांनी माझ्या बायकोला एका मेलेल्या बादशहाची गोष्ट सांगितली. चीनचा हा पहिला बादशहा अमर व्हायच्या औषधाच्या मागे होता आणि दौऱ्यावर असताना वाटेतच मेला. बातमी फुटली तर बंड होईल, म्हणून प्रधानांनी प्रेत रथातच ठेवलं. दिवस उन्हाळ्याचे. वास लपवायला बरोबर खारवलेल्या मासळीचे गाडे घेतले.

"आणि रथात जेवण मात्र रोज जात होतं की," असं म्हणून अण्णांनी आणखी दोन पुऱ्या मागून घेतल्या. बायकोनं पान तसंच ठेवलं.

मल्लेश्वरमला ते आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. मूळचे निपाणीकडचे, पण बंगलोरला तीस वर्षं झालेली. मी पुण्याहून ज्या सरकारी कारखान्यात नोकरीला आलो, तिथं ते स्टेशनरीचं कोठार सांभाळत. कागद मागायला गेलं की आधी ऐकावं लागे, की कागद शोधला चीननं, आणि तिथल्या बादशहाच्या शौचालयात वापरायचा कागदसुद्धा सुगंधी असायचा. "तुम्ही दोन रीम मागताय, सरी. पण जपून वापरा." 'सरी' म्हणजे कानडीतलं 'बरं', ते त्यांच्या जिभेवर बसलेलं.

चीन त्यांनी पाहिला नव्हता. ॲव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं, पुढची-मागची पानं गेलेलं. लेखक कोण, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यातला चीन ते पुरवून पुरवून वाटत.

मी खात्याच्या परीक्षेत नापास झालो त्या संध्याकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. चीनमध्ये परीक्षेला बसणाऱ्याला एवढ्याशा खोलीत दिवसच्या दिवस कोंडत, म्हणाले. अंथरूण, शिधा, मोरीचं भांडं, सगळं बरोबर न्यायचं. कुणी अंगरख्याच्या अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरात उत्तरं लिहून न्यायचे. "आणि सत्तरीचे म्हातारेसुद्धा पुन्हा बसायचे हो साठे. तुम्ही अजून पोर आहात." मी हसलो. पुढल्या वर्षी पास झालो.

त्यांच्या ओळखीचा एकच चिनी माणूस होता, छावणीच्या भागातला दाताचा डॉक्टर लिऊ. अण्णा त्याच्याकडे एकदा दाढ दाखवायला गेले आणि तासभर त्यालाच त्याच्या बादशहांची माहिती सांगून आले. लिऊचा जन्म कलकत्त्याचा. चीन त्यानंही पाहिला नव्हता, आणि बंगालच्या सुलतानानं चीनच्या बादशहाला जिराफ पाठवल्याचं तर त्यानं कधीच ऐकलं नव्हतं. अण्णांना ह्याचं फार वाईट वाटलं.

मग बासष्ट साल आलं. सीमेवर लढाई सुरू झाली. कारखान्यात जवानांसाठी वर्गणी निघाली; अण्णांनी महिन्याचा पगार दिला. तरीही लोक त्यांच्याकडे तिरकं बघू लागले. साहेबांनी बोलावून सांगितलं, की आता त्या गोष्टी पुरे. अण्णा 'सरी' म्हणाले आणि खरोखरच गप्प झाले. कागद मागितला की मुकाट्यानं सही घेत. मला त्यांच्या कोठारात जावंसं वाटेना.

महिन्या-दीड महिन्यानं अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोकडे आल्या. अण्णा दर शनिवारी दुपारी दाताच्या डॉक्टरकडे जातात, विचारलं तर काही सांगत नाहीत. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत, परवाच ऊस सोलून खाल्ला. काही मोठं दुखणं लपवत असतील, असं त्या म्हणाल्या. पुढच्या शनिवारी मी गेलो.

दुकानाच्या पाटीवर रंगवलेला मोठा दात तेवढा उरला होता; चिनी अक्षरांवर चुना फासलेला. एका काचेला तडा गेला होता. बाकावर कुणी नव्हतं. दर्शनी काचेपाशी, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या खुर्चीत अण्णा बसले होते, गळ्याला पांढरा टॉवेल, तोंड उघडं. लिऊ शेजारी नुसता उभा होता, हात मागे बांधून.

मला बघून तो कानडीत म्हणाला, "ह्यांच्या दातांना काही झालेलं नाही. मी दर वेळी सांगतो."

अण्णांनी तोंड मिटलं. टॉवेलनं ओठ पुसले.

"रस्त्यावरनं जाणाऱ्यांना दिसायला पाहिजे की," ते म्हणाले, "माणसं येतात इथं म्हणून."

लिऊ हत्यारांचा ट्रे पुसू लागला. पंधरा दिवसांत दुसरं कुणी आलं नव्हतं, हे अण्णांनीच मला हळू आवाजात सांगितलं. लिऊची बायको मुलांना घेऊन कलकत्त्याला गेली होती. तो एकटाच राहिला होता, दुकान उघडत होता.

लढाई सुरू झाल्यापासून ह्याच रस्त्यानं मी दोनदा बाजारात गेलो होतो आणि दोन्ही वेळा पलीकडच्या फुटपाथनं चाललो होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही.

अण्णा खुर्चीतून उतरले. त्यांनी टॉवेल झटकला, उलटी बाजू वर घेतली आणि माझ्याकडे पाहिलं. माझे दात ठणठणीत होते. बाहेर दोन बायका पिशव्या घेऊन थबकल्या होत्या, आत बघत.

मी जाऊन बसलो. लिऊनं माझ्या गळ्याला टॉवेल बांधला, दिवा जवळ ओढला आणि कानडीतच म्हणाला, "स्वल्प बायी तेगीरी." मी तोंड उघडलं, जमेल तेवढं मोठं.