पाणी कोण भरणार?

काशीआत्याला लग्नाच्या स्वयंपाकाला बोलवायला गेलं, की यजमानाला घाम फुटायचा. तो बिचारा बुंदी करायची की शिरा, हे विचारत असे आणि आत्या भलतंच.

"पानी कोन भरनार?"

"कातकरी आहेत की."

"लाकडं कोन फोडनार? आनि ती मानसं जेवनार कुठं? मजुरी कवा मिळनार?"

एवढ्याची उत्तरं मिळाल्याशिवाय ती सुपारी हातात घेत नसे. सुपारी घेतली, की मात्र यजमानाने निर्धास्त झोपावं. ती आमटी कधी चाखत नसे. झाकणीला कान लावून ऐकायची आणि म्हणायची, "अजून बडबडतेय. शिजली की गप होईल." टोकावड्यापासून वैशाखऱ्यापर्यंत तिच्यासारखा हात नव्हता, म्हणून लोक तिचे प्रश्न सोसत.

आत्या माझ्या वडिलांची बहीण. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही. वैशाखऱ्याला एका खोपट्यात एकटी राहायची. मी मुरबाडला शिंपीकाम करत असे. कुठे लग्नाला गेलो, की चुलवणापाशी तिची भेट व्हायची. एकदा तिथे एक पाटील पाणी भरणाऱ्या बाईवर ओरडला, "पाय उचल की जरा!" आत्या गोडीत म्हणाली, "पाटील, एक घागर तुमीच आना बरं. मला घाई हाय." चारचौघांत नाही कसं म्हणणार? पाटील नदीवर गेले आणि चढ चढून लालबुंद होऊन परतले. आत्याने घागर उतरवून घेतली. "बसा. आता दम लागलाय तोवर बोलू नका."

पण तिची खरी कसोटी लागली ती भाऊशेटच्या मुलीच्या लग्नात. भाऊशेट म्हणजे टोकावड्याचा गवताचा व्यापारी. आसपासच्या पाड्यांवरचे ठाकूर-कातकरी त्याच्याकडेच गवतकापणीला जायचे. लग्नाआधी कितीतरी दिवस त्याने त्याच माणसांकडून मांडव घालून घेतला, रानातून लाकूड आणवलं, पाणी भरून घेतलं. सुपारी देताना त्याने आत्याच्या सगळ्या प्रश्नांना हो म्हटलं होतं. प्रत्यक्षात सगळी वेठच, ना मजुरी ना जेवण.

शहापूरहून वऱ्हाड आलं. लग्न लागलं, पानं मांडली. मीही पंगतीत बसलो होतो. पानावर मीठ आलं, लोणचं आलं आणि पुढे काही येईचना. नवरदेवाचे आजोबा लोणचं तीनदा चाटून झाले होते.

मी उठून मागे गेलो. आत्याने चुलवणातली लाकडं ओढून पाणी मारलं होतं आणि भाताच्या हंड्यासमोर ती पाय पसरून बसली होती. समोर भाऊशेट.

"म्हातारे, डोकं फिरलंय का तुझं?"

"डोकं ठीक हाय, शेट. चूल इझली हाय."

"पाहुणे पानावर बसलेत!"

"ही मानसं सकाळपासून उभी हायत. त्यांची मजुरी द्या, त्यांना पानावर बसवा. मी चूल पेटवते."

तेवढ्यात धवळी नावाची कातकरीण पुढे आली. तिचं तान्हं मांडवामागे आंब्याखाली निजलं होतं. ती हळूच म्हणाली, "आत्ये, ऱ्हाऊ दे गो. उद्या हा गवतावर लावनार नाय आमाला. मग खानार काय?"

आत्या उठली आणि तडक पंगतीत जाऊन आजोबांपुढे हात जोडून उभी राहिली.

"बाबा, जेवन तयार हाय. पन ज्यांनी पानी भरलं ती उपाशी हायत. आनि मागितलं तर शेट त्यांचं गवताचं काम तोडतील, असं त्यांना भ्या वाटतं. तुमी शेटना इचारा."

आजोबांनी बोट पुसलं. "व्याही, द्या हो त्यांचं! आणि काम कुणाचं तोडणार नाही, हेही सांगून टाका मोठ्याने. पोटात आग पडलीय माझ्या."

भाऊशेटचा चेहरा पडला, पण त्याने सगळ्यांदेखत कबूल केलं. मजुरीचं भात कणगीतून काढून मोजून दिलं. पाड्यावरची माणसं मांडवातच पानावर बसली. आत्याने चूल पेटवली आणि स्वतः आधी त्यांना वाढलं, मग वऱ्हाडाला.

भाऊशेटने शब्द पाळला. मुलीच्या सासरची भीड होती. धवळी आणि बाकीची त्या हंगामात गवतावर गेली. आत्याला मात्र मोठ्या घरची सुपारी पुन्हा आली नाही.

पुढे एकदा दुपारी मी माळशेजच्या रस्त्याला गेलो असताना तिच्याकडे डोकावलो. चुलीवर भलंमोठं पातेलं रटरटत होतं.

"कोण येणार आहे, आत्या?"

"कोन येतंय?" तिने पदराने डोळ्यांतला धूर पुसला. "येकटीचा भात टाकायला जमतच नाय रे मला. हाताला सवयच नाय."

मी वाटेत जेवून आलो होतो. ते सांगितलं नाही. पाट ओढून बसलो.