खंडेनवमी आणि दोन मशिनी

झाड कुठं पडणार ते सावळीरामनं एकदा बोटानं दाखवलं, की झाड तिथंच पडायचं. नाय पडलं, तर चूक झाडाची!

देवळाली कॅम्पच्या पलीकडं, दारणा नदीच्या अंगाला कुणाला झाड पाडायचं असलं की सावळीरामला निरोप जायचा. कुंभमेळा होऊन वर्ष झालं होतं. नाशिकच्या दोन दुकानांतून त्यानं झाडं कापायच्या दोन मशिनी वापरून बघायला आणल्या. एक लाल, एक पिवळी. पसंत पडेल ती ठेवायची, दुसरी परत.

लेकासाठी पोरी बघाव्यात तशा त्यानं त्या तपासल्या. लाल कापायला वाघीण, पण हातात धरली की माणूस ताशासारखा थरथरायचा. पिवळी लेकरासारखी कडेवर बसायची, पण बाभळीत शिरली की दमायची. दोघींची बरोबरी झाली. राहिला फक्त भरवसा.

"ऐनवेळी जी दगा देणार नाय, ती आपली," त्यानं मेहुण्याला, यादवला, सांगितलं. यादवनं मान डोलावली. तो सगळ्यालाच डोलवायचा.

ऐनवेळ झुंबरबाईच्या मळ्यात उगवली. दसऱ्याचा झेंडू नुसता पेटला होता आणि मळ्याच्या कोपऱ्यात, बांधालगत, वाळका लिंब कलला होता. अर्धा झेंडूकडं, अर्धा बांधाकडं. कुणाच्या बाजूनं जायचं ते त्याचं अजून ठरलं नव्हतं. वारा आला की कुरकुरायचा. तोडणीच्या बाया आत पाय ठेवीनात. उद्यावर दसरा! आज फुलं बाजाराला निघाली नाहीत, तर परवा ती गाईनंही हुंगली नसती.

"भाऊ, लिंब झेंडूवर आला तर माझं वर्ष गेलं," झुंबरबाई म्हणाली.

"मावशी, बांधावर पाडतो. एका फुलाला धक्का लागला तर मिशी काढीन!"

झुंबरबाईनं मिशी नीट न्याहाळली. "तिचं मी काय करू?"

दिवस खंडेनवमीचा, हत्यारांच्या पूजेचा. सावळीरामच्या बायकोनं, साळूबाईनं, पहाटेच दोन्ही मशिनी पाटावर मांडल्या होत्या. सावळीराम त्या न्यायला घरी आला.

"आवं, पूजेचं हत्यार आज चालवत नसतात."

"ते कोयत्या-कुऱ्हाडीला. हिला पेट्रोल लागतं. पेट्रोलवालीला नियम नाय."

"मग पूजा कशाला?"

"पूजा लागतीच! आणि दोघींची सारखी कर. परीक्षा हाय. पक्षपात नको."

साळूबाईनं पक्षपात केला नाही. हळदकुंकू मूठ मूठ. नारळ वाढवला, अर्धं पाणी हिच्यावर, अर्धं तिच्यावर. दोघींना झेंडूचा हार.

मळ्यात बाया टोपल्या घेऊन लांब विहिरीपाशी बसल्या. सावळीरामनं लालीची दोरी ओढली. खोक! पुन्हा ओढली. खोक, खोक! तिसऱ्यांदा तिनं हळदीचा लोट सोडला, तो थेट यादवच्या तोंडावर.

"दाजी, माझी हळद झाली! नवरी कुठंय?"

"लाल. भरवसा नाय," सावळीराम गंभीरपणे म्हणाला.

पिवळी पहिल्या झटक्यात सुरू! बायांनी टाळ्या वाजवल्या. देवाचा हार काढू नये म्हणून यादवनं तो नुसता मागं सरकवला होता. मशीन लिंबाला लागली, साखळीनं हाराचा दोरा धरला, पाकळ्यांचा पाऊस पडला आणि पिवळी आवंढा गिळल्यासारखी गप्प झाली.

"पिवळी. हिचाबी नाय."

कुणी हसलं नाही. वारा उठला होता. लिंब कुरकुरला, एक वाळकी फांदी झेंडूच्या अगदी कडेला पडली. झुंबरबाईनं हात जोडले. देवाला नव्हे, त्या लिंबालाच. सावळीरामनं ते पाहिलं.

बोलणं बंद करून तो खाली बसला, लालीचं झाकण उघडलं. हवेच्या जाळीवर हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी मिळून पार पिठलं झालं होतं. त्यानं जाळी पेट्रोलमध्ये धुतली, फुंकली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

"याद्या, ती पिवळी उचल तिथनं. फुलात ठेवू नको!"

लाल गरजली. सावळीरामनं बांधाकडून खाच घेतली, मग पाठीमागून हळूहळू आत शिरला. हात थरथरत होते, नजर नाही. कडाड्! लिंब क्षणभर विचारात उभा राहिला आणि बांधावर आडवा झाला. नेम धरून अंथरूण टाकावं तसा!

एक फूल हललं नाही. झुंबरबाई डोळे पुसत उठली, "चला गं!" म्हणाली, आणि बाया झेंडूत शिरल्या.

सावळीरामनं घाम निपटला. "बघितलं का? जिथं म्हणलं तिथं! याद्या, आण पिवळी."

यादव हलला नाही.

"कुठं ठेवली रं?"

"तुम्हीच म्हणले, फुलात नको."

"मग?"

यादवनं मान खाली घालून बांधाकडं बोट केलं.

दसरा झाल्यावर सावळीराम पिवळीला पोत्यात घालून दुकानात गेला. दुकानदारानं आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय कमी पडलं हो हिच्यात?"

"तशी गुणाची हाय," सावळीराम म्हणाला. "फक्त अंगावर झाड झेपत नाय तिला."