वरच्या मजल्यावरचे तमिळ गृहस्थ

रावांना ‘चहा घेणार का?’ विचारलं की ते म्हणत, ‘‘सत्तर टक्के, वैनी.’’ मग मीही कप तेवढाच भरी. संख्याशास्त्राच्या माणसाला तक्रार करायला जागा नसे.

चेन्नईजवळ तांबरमला ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा कॉलेजात नवे लेक्चरर होते. तंजावरचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात जपलेली भाषा. शब्द बखरीतले आणि वर तमिळ हेल. ‘‘तुम्हांस अडचण नसेल तर मजला थोडी साखर द्यावी!’’ साखर मागताहेत की किल्ला, कळत नसे. मी साताऱ्याची, म्हणजे शुद्ध मराठीची एकटी वारसदार! पदराआड हसायची. आता माझी नातवंडं मला आजी म्हणत नाहीत, तमिळमध्ये ‘पाट्टी’ म्हणतात, ते सोडा.

त्यांच्या आईने मुलगी दाखवली, तर राव म्हणाले, ‘‘एकीवरून निष्कर्ष कैसा काढावा? नमुना लहान आहे.’’ नमुना मोठा होईतो त्या मुलीला दोन मुलं झाली. राव ओरगडमच्या कारखान्यांत सदोष नट-बोल्टांवर संशोधन करत राहिले. चांगला माल निघाला की बिचाऱ्यांचं तोंड उतरे. त्यावरच प्रोफेसर झाले, विभागप्रमुख झाले.

एका गणपतीला आमच्या ह्यांचे पुण्याचे साहेब सपत्नीक आले. तेवढ्यात राव दारात.

‘‘हे कोण?’’ साहेबीणबाईंनी विचारलं.

आता राव तोंड उघडणार, आणि बाई आम्हालाही त्यातलेच समजणार! मी घाईघाईने म्हणाले, ‘‘वरचे भाडेकरू. तमिळ आहेत, मराठी येत नाही.’’

रावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग संध्याकाळभर ते तमिळच बोलले. मोदक वाढताना मीच विसरून ‘‘आणखी एक?’’ म्हणाले, तर चेहरा असा कोरा केला की मला तमिळमध्ये विचारावं लागलं. माझं खोटं माझ्यापेक्षा त्यांनीच नीट सांभाळलं. पुढे विषय कधी काढला नाही. मीही नाही. केवढी हुशार मी!

परवा ते निवृत्त झाले. समारंभाला पहिल्या रांगेत, ‘कुटुंबीय’ लिहिलेल्या खुर्चीवर मला बसवलं. आई केव्हाच गेलेली. दुसरं होतं कोण? इंग्रजीत, तमिळमध्ये कौतुकं झाली. राव माईककडे निघाले आणि वाटेत माझ्यापाशी वाकले.

‘‘वैनी, आईच्या भाषेत दोन वाक्यं बोलावीत म्हणतो. तुम्हांस लाज नाही ना वाटायची?’’

‘बोला’ म्हणण्याऐवजी मी उठून उभी राहिले.

मागच्यांना वाटलं, राष्ट्रगीत. अख्खं सभागृह उभं राहिलं.